तीन पिढ्यांचा एक ग्रंथ

दिवाळी जवळ आली की माळ्यावरची भांडी खाली उतरतात. चिंच लावून घासलेल्या समया, तांब्याचे घंगाळ, पणजीचे नाव घातलेले ताम्हण अशा वस्तू एकेक करून उजेडात येतात आणि प्रत्येकीबरोबर ‘हे कुणाचे’ याची हकीगतही येते. पिढीजात म्हणून जे म्हणतात ते बहुतेक घरांतून असे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

आमच्या घरी असे फारसे काही नाही. आम्ही धाराशिवकडचे मराठी ख्रिस्ती. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले, त्यामुळे वाटणीत भांडी आली नाहीत. दिवाळीला शेजारच्या घरांतून फराळाची ताटे आमच्याकडे येतात आणि नाताळात ती ताटे करंज्या-शंकरपाळ्यांनी भरून परत जातात; रिकामे ताट परत करायचे नाही ही आजीची शिस्त अजून चालू आहे. अशा ये-जा करणाऱ्या ताटांमागून कधीतरी एखादा स्नेही सहज विचारतो, “तुमच्याकडे कुळाचार नाही, व्रतवैकल्ये नाहीत, मग मुलांना वडिलांकडून मिळते तरी काय?” प्रश्न खोचक नसतो. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. उत्तर द्यायला मला इतिहासाकडे जावे लागेल आणि त्यातही एका घराकडे, ज्याची कथा बहुतेक मराठी वाचकांनी या ना त्या निमित्ताने ऐकलेली आहे.

त्या घराकडे जाण्यापूर्वी आमच्या जिल्ह्यातल्याच एका गावी थोडे थांबू. तेर हे गाव धाराशिवपासून फार लांब नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ या नावाने व्यापाराचे मोठे ठाणे होते आणि तिथला माल भडोचच्या बंदरातून थेट रोमन साम्राज्यापर्यंत जाई. परंतु महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबांना विचारले, की यात पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते ते सांगा. गोरोबांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. नामदेव तेवढे रागावले, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निकाल मिळाला, अशी आख्यायिका आहे.

कुंभाराच्या धंद्याची थोडी माहिती असलेल्या माणसाला या गोष्टीत आणखी एक खूण दिसते. माती एकाच खाणीतली असेल, चाक तेच असेल, हातही तेच असतील. पण काल भट्टीत भाजलेल्या मडक्याची आच आज थापलेल्या मडक्याला लागत नाही. त्याला स्वतः भट्टीतून जावे लागते. घराण्यातून उतरणाऱ्या श्रद्धेचेही तसेच असावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. माती वडिलांकडून मिळते; भाजणे ज्याचे त्याने. टिळकांच्या घराची हकीगत मी या नजरेने वाचतो.

हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील कडक शिस्तीचे; आई जानकीबाई कवितेची भोक्ती, पण ती मुलाच्या लहानपणीच गेली. आईकडून मुलाला मिळाले ते कवितेचे वेड. त्याला वतन म्हणायचे असेल तर म्हणावे.

१८८० साली नारायणरावांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाले. तीच पुढची लक्ष्मीबाई. तिच्या माहेरचा वारसा निराळा आणि फार विचित्र होता. सत्तावनच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले आणि जगातली प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली दिसू लागली. मीठ-साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात यायची नाही. पाण्यात धुतलेल्या मिठाचे काय होत असेल ते गृहिणींना सांगायला नको. मुलांनी काय खावे, कुणाला शिवावे, कुठे बसावे, या सगळ्यावर त्या एका भीतीचा पहारा होता. लक्ष्मीबाईंनी हे पुढे लिहिले ते हसत हसत. परंतु वाचताना पोटात कालवल्याशिवाय राहत नाही. भीतीसुद्धा पिढीजात असू शकते, हे त्यावरून कळते.

नारायणरावांचा स्वभाव धरसोडीचा. एक नोकरी सोडावी, दुसरी धरावी, गावोगाव हिंडावे, आणि डोक्यात मात्र एकच विचार: या देशाला जातिभेदातून सोडवील असा धर्म कोणता? १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. बोलता बोलता त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधी कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता एका देशी पाळकाच्या हातून घेतला. पुढे ते म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. आम्हां पंढरपूरच्या शेजाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, पदरी लहान मुलगा दत्तू. विधवा म्हणावे तर कुंकू आहे, सवाष्ण म्हणावे तर नवऱ्याचे दार बंद. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या, विठोबाच्या दर्शनाला जात राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या आणि दुःखाच्या भरात ओव्या-कविता करू लागल्या. अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली होती. त्याच अक्षरांनी आता नवऱ्यामुळे झालेले दुःख लिहिले जाऊ लागले.

या काळातली टिळकांची वागणूक नीट पाहण्यासारखी आहे. हा गृहस्थ मोठा तापट. घरात शब्दाला शब्द लागला की ताट सोडून उठणारा. बाजारात सामान आणायला पाठवावे तर पैसे भलत्यालाच देऊन किंवा भलतेच काही विकत घेऊन येणारा. कायदा आणि रूढी या दोन्हींनी नवऱ्याच्या हाती त्या काळी पुष्कळ सत्ता दिली होती. तरी पत्नीचा धर्म त्यांनी पत्नीकडेच ठेवला. पत्रे लिहिली, कविता पाठवल्या, वाट पाहिली. सुमारे पाच वर्षे अशी गेली. पुढे दोघे नगरला पुन्हा एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाई आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवीत आणि टिळक त्यावर हट्ट धरीत नसत.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच वाद घातला. जात देवाने केली असेल, तर पशुपक्ष्यांत जशी ती अंगावर दिसते तशी माणसांत का दिसत नाही? दिसत नाही, तर ती माणसाने केली. आणि माणसाने केलेली गोष्ट माणसाने मोडली तर देव का रागावेल? एवढे मनाशी ठरताच त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे सुरू केले. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक! नवऱ्याच्या व्याख्यानांनी जे झाले नाही ते तिच्या स्वतःच्या विचाराने एका दिवसात झाले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. माती कोणती होती आणि आच कोणाची होती ते इथे स्पष्ट दिसते.

यापुढे नगर-राहुरीकडचे टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. छप्पन्नच्या दुष्काळाचे दिवस. इंग्रजी सनाप्रमाणे १८९९-१९००. आईबाप गेलेली मुले मिशनच्या आश्रयाला येत आणि त्यांतली कितीतरी लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी येऊन बसत. पगार तुटपुंजा, त्यातला अर्धा टिळकांच्या हातून वाटेतच कुणाला तरी गेलेला. उरल्यासुरल्यात पंगत उठवायची ती लक्ष्मीबाईंनी. दान करणारा एक आणि ते निस्तरणारी दुसरी, हा संसाराचा जुना हिशेब याही घरात होता, आणि लक्ष्मीबाईंनी तो लपवून ठेवलेला नाही.

याच घरात बालकवी राहिले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांच्या नजरेत भरला आणि पुढे नगरला त्यांच्या घरी मुलासारखा वावरला. दत्तूचा तो मित्र झाला आणि लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे आईच्या मायेने काढले. टिळक ख्रिस्ती धर्माचे कळकळीचे प्रचारक होते, धर्मांतर व्हावे म्हणून झटणारे होते. आणि त्यांच्या छपराखाली, त्यांचे अन्न खाऊन, त्यांच्या कवितेच्या संस्कारात वाढलेला हा मुलगा हिंदू म्हणून आला आणि १९१८ साली भादलीजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला तेव्हाही हिंदूच होता. घरातल्या माणसाच्या असहायतेचा फायदा घ्यायचा नाही, हा त्या घराचा अलिखित नियम असला पाहिजे. पत्नीच्या बाबतीत तो नियम मोठी किंमत देऊन शिकला गेला होता. पाहुण्याच्या बाबतीत तो सवयीने पाळला गेला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची संघटना काढली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. भजन, कीर्तन, अभंग, ओवी ही आपल्या मातीची साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासनासंगीता’त त्यांची शेकडो पदे आहेत आणि दर रविवारी ती आजही म्हटली जातात. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे पैसा राहिला नाही. राहिला तो एक अपुरा ग्रंथ.

त्या ग्रंथाचे नाव ‘ख्रिस्तायन’. मराठीत ख्रिस्ताची कथा पद्यात सांगण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने गोमंतकात राहून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. तीनशे वर्षांनी टिळकांनी रामायणाच्या वळणावर नाव घेऊन नवे काव्य आरंभिले, आणि अकरा अध्यायांवर ते थांबले. कवी गेला. रीतीप्रमाणे पाहता असा ग्रंथ कापडात बांधून पेटीत ठेवायचा आणि वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवायचे. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. पन्नाशी उलटलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या या बाईने लेखणी हाती घेतली आणि अकरा अध्यायांपुढे चौसष्ट अध्याय लिहिले. चौसष्ट! नवऱ्याने घातलेल्या पायाच्या जवळजवळ सहापट इमारत तिने उभी केली. तरीही शेवट राहिलाच. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शहात्तरावा, म्हणजे अखेरचा अध्याय लिहिला मुलाने, देवदत्त नारायण टिळकांनी.

बाप, आई आणि मुलगा असा तीन हातांनी मिळून पुरा झालेला दुसरा ग्रंथ मराठीत मला आठवत नाही. बाणभट्टाची अपुरी कादंबरी त्याच्या मुलाने पुरी केली हे संस्कृतज्ञांना ठाऊक आहे. पण तिथेही मध्ये आई नाही. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायना’ची योग्यता काय, ते समीक्षकांनी ठरवावे. मला त्याची अध्यायसंख्याच पुरेशी बोलकी वाटते. वडिलांचा विश्वास मुलांनी जपून ठेवायचा म्हणजे काय करायचे, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसेल. बापाचे अकरा अध्याय पाठ करून चालले नसते. पुढचा अध्याय ज्याचा त्याने, आपल्या शब्दांत, आपल्या वकुबाप्रमाणे लिहायचा होता.

आणि गंमत अशी, की याच कामाच्या निमित्ताने दुसरा, याहून मोठा ग्रंथ जन्माला आला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आईने लिहायला घेतले आणि त्या आठवणींचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ पासून त्यांचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. चौथा भाग त्यांच्या पश्चात निघाला. वडिलांचे गुणगान हवे असलेल्या मुलाच्या हाती आईने दिला तो खराखुरा माणूस: रागावणारा, विसरणारा, उधळणारा, आणि तरीही देवासाठी वेडा झालेला. देवदत्तांनी त्यातले काही गाळून वडिलांना अधिक सोज्वळ केले असते तर त्यांना कोण अडवणार होते? त्यांनी आईचे पुस्तक जगापुढे जसेच्या तसे येऊ दिले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. सत्य सांगायचे आणि तेही न दुखवता, हसत सांगायचे, ही शिकवण आजीकडून नातवापर्यंत पोचली ती प्रवचनांतून पोचली नसावी. मुद्रिते तपासता तपासता पोचली असावी.

आता या एकाच घरावरून नियम बांधू नये, म्हणून दुसरे एक घर पाहू. अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक ब्राह्मण. स्त्रीला संस्कृत शिकवणे पाप, असे मानणाऱ्या काळात त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्यापायी रानात घर करून राहण्याची पाळी पत्करली. बायकोने ती विद्या मुलीला दिली. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळात आईबाप गेले. मुलगी पायी हिंडत कलकत्त्यापर्यंत पोचली आणि तिथल्या पंडितांनी १८७८ साली तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८३ साली इंग्लंडात तिने मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली ‘शारदा सदन’ निघाले आणि पुढे केडगावचे ‘मुक्ती मिशन’ उभे राहिले. दुष्काळात टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना तिथे अन्न, अक्षर आणि धंदा मिळाला. म्हणजे ख्रिस्ती रमाबाईंच्या हातून जे काम झाले त्याची माती वैदिक अनंतशास्त्र्यांची होती. संस्कार धर्माची वेस ओलांडून असे पुढे जातात. बाप्तिस्म्याच्या पाण्याने वडिलांची शिकवण धुऊन जात नाही. अनंतशास्त्र्यांची तर गेली नाहीच.

मनोरमाबाईंचा आमच्या मुलुखाशीही संबंध आला. निजामी राजवटीत उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यात मोडत असे. त्या गुलबर्ग्याला १९१२ साली मायलेकींनी शाळा काढली आणि तिची मुख्याध्यापिका मनोरमाबाई झाल्या. परंतु १९२१ साली आईच्या आधी लेक गेली. वारसच गेला म्हणतात तसे झाले. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी संपवले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांनीही डोळे मिटले. छापखान्यातले खिळे जुळवण्याचे काम मुक्ती मिशनमधल्या मुलींनी केले. रक्ताची वारस नव्हती, पण काम अडले नाही. केडगावची संस्था आजही चालू आहे.

एवढी मोठी नावे सांगितल्यावर आमच्या लहानशा घराची गोष्ट सांगायला संकोच वाटतो. तरी ती सांगतो. कारण ज्या प्रश्नापासून मी निघालो तो मोठ्या घरांना कोणी विचारत नाही, आमच्यासारख्यांना विचारतात.

आजोबा निजामी इलाख्यातल्या, बार्शीच्या सरहद्दीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. १९४८ साल उजाडले तेव्हा रझाकारांच्या धास्तीने आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे सरहद्द ओलांडून बार्शीकडे जाऊ लागली होती. जाताना शेजारणी आजीकडे येत. कुणी दागिन्यांची पुरचुंडी, कुणी पितळेची भांडी, कुणी नुसती घराची किल्ली तिच्या हवाली करी. आजीला लिहिता येत होते ते ‘उपासनासंगीत’ वाचण्यापुरते. तिने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्या: या घरच्या इतक्या घागरी, त्या घरचे इतके तांबे. रात्री-अपरात्री दार वाजले तर उघडायला ती स्वतः जाई, आजोबांना जाऊ देत नसे.

सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली. १७ सप्टेंबरला निजामाचे राज्य संपले. लोक परत आले आणि भिंतीवरच्या खुणांप्रमाणे ज्याचे त्याला मिळाले. गावाने आजीची वाहवा केली. पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नंतर सरकारला जो अहवाल दिला त्यात सर्वांत अधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे; नांदेड, बीदर आणि गुलबर्गा ही बाकीची तीन. या वेळी मारले जात होते ते मुसलमान, आणि त्यांतले बहुतेक रझाकारांशी संबंध नसलेले गरीब लोक. एका रात्री आमचे दार पुन्हा वाजले. दाराशी गावातली एक पिंजारीण होती, दोन मुली आणि म्हातारा सासरा तिच्याबरोबर. आजीने त्यांना आत घेतले आणि घागरी होत्या त्याच खोलीत निजवले. नऊ दिवस ती माणसे तिथे होती.

वाहवा करणाऱ्या गावाने या वेळी आमच्याकडचे येणे-जाणे बंद केले. शाळेत मुले येईनात. दुकानदार आजीला मीठ उधार देईना. एका भल्या माणसाने दारात येऊन विचारले, “मास्तरीणबाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?” आजीने काय उत्तर दिले ते वडिलांना आठवत नसे. तिने त्या माणसाला बसायला पाट दिला आणि गूळपाणी पुढे केले, एवढे मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे पक्के होते. ते तेव्हा आठ वर्षांचे होते.

आठ वर्षांच्या मुलाने एकाच वर्षात एकच दार दोनदा उघडलेले पाहिले. एकदा सगळे गाव खूश असताना, एकदा सगळे गाव रुष्ट असताना. दहा आज्ञा त्याला पाठ होत्या. पण मी विचारले तेव्हा त्यांनी आज्ञा म्हणून दाखवल्या नाहीत. ते दार सांगितले. पुढे त्यांनी सरकारी कचेरीत चाळीस वर्षे कारकुनी केली, आणि ज्या कागदावर सही करू नये असे वाटले त्यावर केली नाही. बढती दोनदा हुकली. आई चिडली की ते म्हणत, “आईने दार उघडले तेव्हा घरात मीठ नव्हते.” त्यावर आई गप्प बसे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळी. दान करणारा एक आणि निस्तरणारी दुसरी, हे टिळकांच्या घरचे सूत्र आमच्याही घरी होते.

आता अलीकडची एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. जानेवारी २०२० मध्ये १०, ११ आणि १२ तारखांना अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन आमच्या गावी भरले. गावाचे अधिकृत नाव तेव्हा उस्मानाबाद होते. २०२३ पासून ते धाराशिव झाले. संमेलनाच्या नगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते आणि उद्घाटनाला कवी ना. धों. महानोर आले होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. त्यांच्या निवडीला काही मंडळींनी विरोध केला होता. धर्मगुरूचा आणि मराठी साहित्याचा संबंध काय, असा सूर होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सोप्या मराठीत आणून साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळवला आणि ‘हरित वसई’च्या चळवळीत जमीन-पाणी वाचवण्यासाठी बिल्डरांचा रोष पत्करला, त्याच्याबद्दल हा सूर! पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही ते आले. धाराशिवकरांनी त्यांचे स्वागत केले ते घरच्या माणसासारखे. मी मंडपात बसून हे पाहत होतो आणि मला भिंतीवरच्या कोळशाच्या खुणा आठवत होत्या.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. धर्मगुरू म्हणजे मुलेबाळे नाहीत, वाटणी नाही. त्यांच्या मागे राहिले ते काम, आणि तेही अपुरेच. वसईची झाडे अजून तोडली जात आहेत, माणसामाणसांतला दुरावाही संपलेला नाही. पुढचा अध्याय कुणी लिहायचा याचे मृत्युपत्र ते करून गेले नाहीत. टिळकांनीही केले नव्हते.

माझी मुले पुण्यात असतात. मुलगी दर रविवारी देवळात जाते, मुलगा क्वचित जातो. पूर्वी मला याची काळजी वाटे. आता तितकी वाटत नाही. पत्नीच्या श्रद्धेची पाच वर्षे वाट पाहणाऱ्या टिळकांपेक्षा मला अधिक घाई असायचे कारण नाही. गेल्या वर्षी कळले, की मुलाच्या सोसायटीत एका कुटुंबाला त्याच्या धर्मामुळे कुणी भाड्याने घर देत नव्हते. मुलाने आपली रिकामी खोली त्यांना दिली आणि सोसायटीच्या सभेत दोन तास शिव्या खाल्ल्या. हे त्याने मला सांगितले नाही. सुनेने सांगितले, तेही तक्रार म्हणून. मी तिची सगळी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि घरात मीठ आहे ना, एवढेच विचारले.